सत्यशीला संपत बोर्डे

भोंगा लावलेली रिक्षा दुकानासमोरून गेली तेव्हा रामकिसन एका जळक्या मोटारीत नवी तार भरत होता. पावसानं ओढ दिली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि भोकरदनकडचे शेतकरी रोज कुणी ना कुणी करपलेली मोटार पोत्यात घालून जालन्याला त्याच्याकडे आणत होते. दुकानात दिवसभर वॉर्निशचा कडवट वास कोंडलेला असायचा. भोंग्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मोंढ्याच्या रस्त्यावर भोंगे रोजचेच. कधी बियाण्यांचे, कधी सभांचे. कारगिलची लढाई नुकतीच संपली होती, निवडणूक तोंडावर होती, आणि सगळीकडून एकसारखी गाणी आणि घोषणा चालू होत्या. "आपल्या भागातील अमर जवानांच्या स्मारकाचं अनावरण... येत्या रविवारी केदारखेडा इथं... वीरमाता सगुणाबाई कडूबा बोर्डे आणि वीरपत्नी सत्यशीला संपत बोर्डे यांचा भव्य सत्कार..." रिक्षा पुढे गेली. त्याचा हात तार ओढतच राहिला. आईचं नाव कानात शिरलं होतं, पण त्यामागून आलेलं दुसरं नाव बाहेरच कुठंतरी अडकल्यासारखं झालं होतं. रिक्षा कोपऱ्यावरून वळून परत आली. तेच शब्द, तोच ठसका देऊन म्हटलेला 'भव्य'. या वेळी ते नाव आत आलं. त्यात चूक अशी काहीच नव्हती. संपत त्याचा थोरला भाऊ. संपतला सत्यशीला दिली होती. संपत शांतिसेनेतून गेला आणि लंकेत मारला गेला. हे सगळं खरंच होतं. फक्त सकाळी त्याला भेंडीची भाजी आणि तीन पोळ्यांचा डबा बांधून देणारी, 'येताना पोरीच्या वहीला कव्हर आणा' म्हणून सांगणारी जी बाई त्याच्या घरात होती, ती गेली अकरा वर्षं त्याची बायको होती, आणि भोंग्यातल्या माणसाला ते माहीत नव्हतं. की माहीत होतं? समोरचा टायरवाला त्याच्याकडे बघून हसला. "तुमचंच गाव ना हो हे?" रामकिसन हो म्हणाला. तार तशीच बोटांना गुंडाळून तो कितीतरी वेळ बसून राहिला. बोटांची टोकं पांढरी पडली तेव्हा त्यानं ती सोडवली.

रात्री तो घरी आला. भिंतीवर बाबासाहेब होते, बुद्ध होते, आणि जरा खाली संपत होता, फौजेच्या टोपीत, ओठ घट्ट मिटलेला. पोरगी, मित्रा, त्या फोटोला मोठे पप्पा म्हणायची आणि रामकिसनला पप्पा. संपत गेला तेव्हा ती पोटात होती. तिला कुणी कधी समोर बसवून काही सांगितलं नव्हतं. जसं घरात पाणी कुठल्या माठात असतं ते कळतं तसं तिला ते कळत गेलं होतं. रामकिसन जेवायला बसायचा तेव्हा फोटो त्याच्या पाठीशी असायचा. ती जागा त्यानं ठरवून घेतली नव्हती, पण पहिल्या दिवशी तो तिथं बसला आणि मग तिथंच बसत राहिला. आज मात्र पाठीमागे कुणीतरी उभं राहून ताटात बघतंय असं त्याला वाटलं. सत्यशीला वाढत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज आला, पदर खोचण्याचा आवाज आला. "बरं न्हाई का?" तिनं विचारलं. "न्हाई, थकलो," तो म्हणाला. एवढंच त्यांचं बोलणं. ती त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. लग्नाआधी ती त्याला भाऊजी म्हणायची आणि तो तिला वहिनी. लग्नानंतर ते दोन शब्द गेले आणि त्यांच्या जागी दुसरे शब्द कधी आलेच नाहीत. हाक मारायची झाली तर तो मित्राचं नाव घेऊन मोठ्यानं बोलायचा. ती भांडं वाजवायची.

संपत गेल्याची तार आली ती बारा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आसपास. तो तेव्हा जालन्याच्या आयटीआयमध्ये शिकत होता आणि शनिवारी गावी आला होता. पोस्टमन अंगणात उभा राहिला आणि बापानं, कडूबानं, कागद हातात उलटा धरला. लोक जमले. कुणीतरी विचारलं, पाकिस्तानात का? रामकिसन म्हणाला, न्हाई, लंकेत. लंकेत? तिथं कसली लढाई? आपली लढाई चालू हाय का? एक म्हातारा अगदी भोळेपणानं म्हणाला की लंकेत तर रावण असतो. हसू येण्यासारखं ते नव्हतं, पण एक-दोघांच्या तोंडावर हसू आलं आणि तेवढ्यानं रामकिसनला वाटलं की आपला भाऊ कुठल्या तरी खोट्या जागी जाऊन मेला आहे. नंतर एक जवान एक पत्र्याची पेटी आणि कपडा बांधलेला कलश घेऊन आला. देह तिकडंच जाळला होता. अस्थी पूर्णेत सोडल्या. नदीला पाणी कमी होतं. राख वाहून गेली नाही, वाळूच्या कडेला थबकून राहिली, आणि रामकिसननं पाय बुडवून ती पुढे ढकलली. त्या राखेत संपत होता यावर त्याचा तेव्हा विश्वास बसला नाही, आणि खरं तर नंतरही नाही. पुढे बाप गावातल्या पुढाऱ्यांकडे गेला, स्टँडवर एखादा दगड बसवा, पोराचं नाव टाका म्हणून. पाहू, जागा पाहू, असं ते म्हणाले. बौद्धवाड्यातल्या पोराचं नाव स्टँडवर कसं येईल हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही, म्हणायची गरज नव्हती. बाप जागा पाहण्याची वाट बघत बघत वारला. त्याआधी त्यानं एक काम उरकलं. विहारात चार माणसांत सत्यशीला आणि रामकिसन यांचं लग्न लावून दिलं. "लेकरू बी घरात राहील आन् ती बी," आई म्हणाली होती. कुणी रामकिसनला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. तिला विचारलं होतं का, हे त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं.

रिक्षा ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी काकासाहेब स्वतः दुकानासमोर जीप थांबवून उतरले. केदारखेड्यात त्यांचाच शब्द चालायचा. या निवडणुकीत ते कुणासाठी तरी धावत होते.

"काय रामकिसन, लई कामात दिसून राह्यला."

"बसा ना काकासाहेब. चहा सांगतो."

"बसायला वेळ कुठं हाय. रिक्षा ऐकली ना? जिल्हाभर फिरून राह्यली. तीन नावं हायेत दगडावर. एक पासष्टच्या लढाईतलं, एक एकाहत्तरचं. त्यांच्या घरचं कुणी राह्यलं न्हाई. म्हणून संपतच्या मंडळीला घेऊन ये. माय तुही गावातच हाय. पोरीला बी आण."

"काकासाहेब, ती आता..." रामकिसन पान्ह्यावरचं वंगण पुसू लागला.

"मला म्हाईत न्हाई का? आख्ख्या गावाला म्हाईत हाय. पण बाहेरून मोठे लोक येणार, पेपरवाले येणार. त्यायला हे समदं कोण समजून सांगंल? वीरपत्नी म्हणलं की वीरपत्नी. घंटाभराचा तर मामला."

"आन् मी?"

"तू भाऊ हायेस ना? भाऊ म्हणून ये. समोर बस." काकासाहेब जीपकडे वळले आणि परत आले. आवाज खाली करून, जरा अवघडूनच, म्हणाले, "आन् एक. कपाळावर, गळ्यात... फोटोत ते बराबर दिसत न्हाई. बाईमाणसाला मी कसं सांगू? तूच सांग. वाईट नको मानू बाबा. संपतचंच नाव होऊन राह्यलं."

वाईट मानायचं कशाचं, हे रामकिसनला नीट कळत नव्हतं. बापानं ज्या दगडासाठी उंबरे झिजवले तो दगड आता बसत होता. याचा आनंद कुठंतरी असायला हवा होता. तो आपल्या आत हात घालून चाचपडत राहिला आणि हाताला दुसरंच काहीतरी लागत गेलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दाराची कडी वाजली की तो हातातलं टाकून दाराकडे बघायचा. देह कुणी पाहिला नव्हता. संपत दारात उभा राहील, दाढी वाढलेली, एक पाय नसलेला, आणि म्हणेल, काय रे रामकिसन. तेव्हा आपण काय करायचं हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. दोन कपडे पिशवीत घालायचे, दुकानात झोपायचं. काही बोलायचं नाही. हे त्यानं इतक्या वेळा मनात केलं होतं की ते खरंच होऊन गेल्यासारखं वाटायचं, आणि आपण या घरात परत कसे आलो याचं त्याला नवल वाटायचं. सत्यशीलाला त्याच्यापासून एकदा दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात ते पोटातच गेलं. दवाखान्यातून येताना रिक्षात ती खड्ड्याखड्ड्याला त्याचा दंड धरत होती, आणि तेवढा एक रस्ता त्याला वाटलं होतं की आता आपण दोघं कशात तरी एकत्र आहोत. पुन्हा दिवस राहिले नाहीत. त्या जिवाला नाव नव्हतं, त्याचं कुणी काही स्मरण केलं नाही. ती कधीमधी काम करता करता हात थांबवून कुठंतरी बघत राहायची. ती संपतकडे बघतेय हे त्यानं गृहीत धरलं होतं. तिच्या आत एक खोली आहे, तिथं संपत बसलेला आहे, आणि आपण बाहेरच्या ओट्यावर. त्या खोलीचं दार वाजवायचं नाही एवढं एक त्यानं पाळलं. म्हणून त्यानं घरात संपतचं नावच काढलं नाही. आईसमोर काढलं नाही, मित्रासमोर काढलं नाही. आणि नाव काढायचं नाही म्हणता म्हणता भाऊ गेला म्हणून रडायचंही राहून गेलं. ज्याची जागा घेतली त्याच्यासाठी रडायचं कसं? लोक म्हणाले असते, सोंग करतोय.

संध्याकाळी त्यानं तिला सांगितलं. सत्कार आहे, एवढंच. गळ्याचं, कपाळाचं त्याच्या तोंडातून निघालं नाही. ती पीठ मळत होती. हात थांबला नाही.

"मित्राला बी न्यायचं?"

"हो."

पिठाचा गोळा उलटा करून तिनं त्यावर पाणी शिंपडलं. "नाव काय घेतलं माझं? भोंग्यात?"

तिला कुणीतरी सांगितलं होतं म्हणजे. "सत्यशीला संपत बोर्डे," तो म्हणाला. एकदम परक्या बाईचं नाव सांगितल्यासारखं.

"सत्यशीला संपत," ती पुटपुटली. जुन्या पेटीतला झंपर अजून होतोय का, हे अंगाला लावून बघावं तसं. मग पुन्हा पीठ मळू लागली. तो तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. तिनं नाही म्हणावं, मी कुठं येत नसते, मी तुमची आहे, असं काहीतरी म्हणावं, यासाठी त्याचा सगळा जीव कानात गोळा झाला होता. ती म्हणाली, "रविवारची सकाळची गाडी धरावी लागंल."

रविवारी तो अंगणात चपला घालून थांबला होता. मित्रा शाळेच्या गणवेशात बाहेर आली. तिच्यामागून सत्यशीला आली आणि त्याला क्षणभर समजलंच नाही की काय बदललंय. कपाळ मोकळं होतं. टिकलीच्या जागी कातडीचा एक बारका फिकट डाग होता. गळा मोकळा होता. हातात बांगड्या नव्हत्या. फिकट निळी सुती साडी. अकरा वर्षांपूर्वी आईच्या घरात, बाळंतिणीच्या खाटेवर, हीच बाई अशीच दिसली होती.

"हे... हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगावं लागतं का?" ती त्याच्याकडे न बघता कुलूप लावत म्हणाली. "त्यायची म्हणून बोलावलंय. मंग त्यायची म्हणूनच जावं लागंल."

गाडीत ती आणि मित्रा पुढे बसल्या, तो मागे. ती इतकी नीट, इतकी सरळ बसली होती की त्याला तिची भीती वाटली. तिला हे सगळं काढून ठेवायला किती वेळ लागला असेल? एका झटक्यात काढलं असेल की एकेक? राजूरच्या स्टँडवर गणपतीला आलेल्यांची झुंबड होती. गजरेवाली गाडीत चढली, एकेका बाईसमोर टोपली धरत पुढे आली, सत्यशीलाच्या कपाळाकडे तिची नजर गेली आणि टोपली न धरता ती पुढच्या बाकाकडे सरकली. रामकिसन ताडकन उठला. "ओ बाई," तो म्हणाला. गजरेवाली वळली. लोक वळले. सत्यशीला वळली नाही. काय सांगायचं होतं त्याला? या बाईचा नवरा मी आहे, मी जिवंत आहे? "काही न्हाई," तो म्हणाला आणि बसला. शेजारच्या माणसानं त्याला जरा जास्तच जागा करून दिली.

केदारखेड्याला आई दारातच वाट बघत बसली होती. सगुणाबाईला आता कमी दिसायचं. काकासाहेबांच्या माणसांनी तिला नवं पातळ आणून दिलं होतं आणि ते नेसून ती अवघडून बसली होती. मित्रा धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. मग सत्यशीला पाया पडायला वाकली आणि आईनं सवयीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळावरून, गालावरून, गळ्यावर. हात गळ्यावर थांबला. परत कपाळावर गेला. परत गळ्यावर.

"काय झालं?" आई म्हणाली. "काय झालं गं? रामकिसन कुठाय? माहा रामकिसन कुठाय?"

"मी हितंच हाय, आई."

"मंग हे काय हाय?" म्हातारी ओरडली. तिनं सत्यशीलाचा दंड धरला. "एक गेला तर मी काही बोलले न्हाई! आता जित्या लेकाला मारायलीस का? माहा रामकिसन जिता हाय! डोळ्यापुढं उभा हाय!" ती भिंतीला धरून आत गेली, कोनाड्यातली कुंकवाची डबी चाचपून काढली आणि बोटानं सत्यशीलाचं कपाळ शोधू लागली. सत्यशीला एक पाऊल मागे सरली. कुंकू म्हातारीच्या नव्या पातळावर सांडलं.

"आज न्हाई, आत्या," सत्यशीला हळू म्हणाली. "आजचा दिवस न्हाई."

गेली कितीतरी वर्षं आई त्याला अर्ध्या वेळा संपत म्हणूनच हाक मारायची. त्याला वाटायचं, हिला आपण दिसतच नाही. आणि आता ती एकटीच होती जिनं त्याचं नाव घेऊन हंबरडा फोडला होता. त्यानं तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याचे हात उचललेच गेले नाहीत. तो आपल्याच मयताला आल्यासारखा अंगणात उभा होता. बाहेर जीप येऊन थांबली, दोन कार्यकर्त्यांनी म्हातारीला धरून उठवलं, पातळावरचं कुंकू झटकलं, आणि तिघी जीपमध्ये बसल्या. त्याला जागा नव्हती. "तुम्ही चालत या भाऊ, जवळच हाय," एक जण म्हणाला.

स्टँडसमोर मांडव होता. काळ्या दगडाचा खांब भगव्या-पांढऱ्या-हिरव्या कापडात गुंडाळून ठेवला होता. समोरच्या खुर्च्यांवर बिल्ले लावलेले लोक बसले होते, म्हणून रामकिसन मागे, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाला टेकून उभा राहिला. भाषणं झाली. पांढरा सदरा घातलेले एक पाहुणे म्हणाले की या मातीच्या कणाकणात वीर आहेत. काकासाहेब म्हणाले, संपत माझ्या अंगाखांद्यावर खेळला. तो कधीच खेळला नव्हता. बौद्धवाड्यातली पोरं त्यांच्या अंगणात जात नव्हती. पण काकासाहेबांचा गळा दाटून आला होता आणि तो खोटा वाटत नव्हता. म्हणता म्हणता त्यांना ते खरंच आठवू लागलं असावं. कापड ओढलं. टाळ्या झाल्या. रामकिसननं लांबून वाचलं, शेवटचं नाव. शिपाई संपत कडूबा बोर्डे. बाप असता तर दगडाला हात लावून बसला असता. शेजारी उभा असलेला एक अनोळखी माणूस, दुसऱ्या गावचा असावा, रसाचा ग्लास हातात घेऊन म्हणाला, "बिचारी. पाहा ना, तरणीताठी बाई. समदं आयुष्य त्याच्या नावावर काढलं. दुसरं लगन न्हाई केलं."

"हो," रामकिसन म्हणाला.

"तुम्ही कोण त्यायचे?"

"भाऊ."

"अरे वा," तो माणूस म्हणाला, आणि ग्लास डाव्या हातात घेऊन त्यानं रामकिसनला उजव्या हातानं नमस्कार केला.

स्टेजवरून नाव पुकारलं, "वीरकन्या संघमित्रा संपत बोर्डे." मित्रा उठली नाही. ती इकडेतिकडे बघू लागली, अशी कुणी दुसरी मुलगी आहे का ते. शाळेत हजेरीला ती संघमित्रा रामकिसन होती. पुन्हा नाव पुकारलं. मग सत्यशीलानं तिच्या पाठीला हात लावला आणि पोर उठली, पण उठताना तिनं गर्दीत मागे कुणाला तरी शोधलं. रामकिसननं हात वर केला. तिला तो दिसला की नाही कळलं नाही. तिच्या हातात गुच्छ दिला गेला. मग सत्यशीलाला साडी आणि नारळ दिला, आणि काकासाहेबांनी माईक तिच्यासमोर धरला. "ताई, दोन शब्द. संपतबद्दल. काही बी."

ती नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं माईक हातात घेतला. भोंग्यातून तिच्या श्वासाचा आवाज स्टँडभर पसरला. रामकिसनला वाटलं, आता ती खोली उघडणार. आता हजार माणसांसमोर ती सांगणार, जे आपल्याला अकरा वर्षांत सांगितलं नाही. त्यानं गुऱ्हाळाचा लाकडी खांब धरला.

"मला," ती म्हणाली आणि थांबली. "मला त्यायचं तोंड आठवत न्हाई."

कुणीतरी खोकलं.

"फोटोतलं तोंड आठवतं. पण तो फोटो काढला तव्हा मी नव्हते. ते सुट्टीवर आल्ते, दोनदा. घरात लोक असायचे. मी पदर घेऊन असायची. वर मान करून पाह्यलं न्हाई बराबर. वाटलं, पुढं पाहू." तिचा आवाज अगदी सपाट होता, किराण्याच्या दुकानात काय संपलंय ते सांगावं तसा. "लई आठवून पाहून राह्यले मी. आज सकाळी टिकली बी काढली, गळ्यातलं बी काढलं. वाटलं, तसं बसल्यावर तरी आठवंल. तरी न्हाई आठवलं. तुम्ही समदे म्हणता, आठवा, आठवा. मी कुठून आणू?"

स्टँडवरच्या गाडीचं इंजिन ऐकू आलं. काकासाहेबांनी हळूच तिच्या हातातून माईक घेतला. त्यांचे डोळे भरले होते. "ताईंना भावना आवरत न्हाईत," ते म्हणाले, आणि "अमर रहे"च्या घोषणा सुरू झाल्या. गुऱ्हाळाजवळचा माणूस डोळे पुसत होता. आई स्टेजवर बसून कुंकवाचे डाग पडलेलं पातळ मुठीत धरून शून्यात बघत होती. रामकिसनला काही ऐकू येत नव्हतं. त्या खोलीत कुणी नव्हतं. एवढी वर्षं तो रिकाम्या खोलीच्या दाराशी बसला होता, आत कुणीतरी आहे म्हणून आवाज न करता, श्वास धरून.

मित्रा आजीकडे राहिली. दिवस कलताना ते दोघं परतीच्या गाडीत बसले. गाडी रिकामीच होती. या वेळी ती खिडकीशी बसली आणि त्याच्यासाठी तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणून तो शेजारी बसला. साडीच्या खोक्यावर काकासाहेबांचं आणि पक्षाचं नाव छापलेलं होतं. राजूर मागे पडलं.

"लोक हसले का?" तिनं विचारलं.

"न्हाई. रडले."

"मी रडायचं म्हणून बोलले न्हाई."

"म्हाईत हाय."

ती बाहेर बघत होती. माना टाकलेली कपाशी मागे मागे जात होती. "तुम्ही तर त्यायचं नाव बी काढलं न्हाई कधी," ती म्हणाली. "मी वाट पाहून पाहून राह्यले. वाटायचं, एखाद्या दिवशी हे सांगतील. लहानपणी असं करायचे, तसं करायचे. पोरीला सांगतील, मंग मी बी ऐकंन. तुम्ही संगं वाढले. मला वाटायचं, ते तुमच्याकडं हायेत. तुमचं तुम्ही जपून ठेवलंय. मंग मागायचं कसं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मोकळं कपाळ, धुळीनं राखाडी झालेले केस. ही इतकी थकलेली आहे हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. काहीतरी बोलायला हवं होतं. मला वाटायचं तुझ्याकडं आहे, असं म्हणायला हवं होतं. पण ते म्हणून आता काय होणार होतं? अकरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या झाकलेल्या मुठीकडे बघत काढली होती.

"कसे होते?" ती म्हणाली. "सांगा ना."

"तो," रामकिसन म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "तो बेडकाला भ्यायचा."

तिनं झटकन मान वळवली.

"लई भ्यायचा. पावसाळ्यात बाहेर जायचं झालं तर मला पुढं घालायचा. मी एवढासा. म्हणायचा, तू पाय आपटत चाल. फौजेत भरती झाला तव्हा आई म्हणली, तिथं बेडूक असतील तर काय करशील रे? तर म्हणे, बंदूक देतेत की."

ती हसली. तोंडाला पदर न लावता, आवाज करून. असं हसताना त्यानं तिला कधी ऐकलं नव्हतं, एकदाही नाही, आणि ते हसू आपल्यामुळे आलेलं नाही हे त्याला त्याच क्षणी समजलं. तरी तो थांबला नाही. "हसायला लागला की त्याचा वरचा ओठ डाव्या बाजूनं आधी उचलायचा. फोटोत कळत न्हाई. फोटोवाल्यानं तोंड मीट म्हणलं असंल. दात पांढरेशुभ्र, एक जरासा वाकडा. आन् ऐकताना समोरच्याच्या ओठाकडं बघायचा, बहिऱ्यासारखा. तुझ्याकडं बी तसंच बघितलं असंल त्यानं." तिचा चेहरा बदलत होता. डोळे कुठंतरी जवळच, हाताच्या अंतरावर, काहीतरी शोधत होते, आणि ते त्यांना सापडत होतं. गालांवर लाली आली होती. जिवंत माणसाकडे बघावं तसं ती बघत होती, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. रामकिसनला स्वच्छ दिसलं की आपण काय करतोय. आतापर्यंत त्या रिकाम्या खोलीत कुणीच नव्हतं, आणि आता आपल्याच हातानं, एकेक शब्दानं, आपण त्याला आणून तिथं बसवतोय. थांबायला हवं होतं. अजूनही वेळ होता. पण त्याच्या स्वतःच्याच गालावरून काहीतरी ओलं हनुवटीपर्यंत गेलं होतं, आणि इतक्या वर्षांनी त्याचा भाऊ, वाकड्या दाताचा, बेडकाला भिणारा, त्याच्याही शेजारी येऊन बसला होता. त्याला उठवून लावण्याची ताकद रामकिसनमध्ये नव्हती.

"एकदा काय झालं," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला बोलवेना.

गाडीनं जालन्याच्या वेशीवरचा खड्डा घेतला. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि तिनं तो काढला नाही.

"मंग?" ती म्हणाली. "मंग काय झालं?"